कायदा आणि एक पलटा : संगणकनिर्मित संगीताच्या ध्वनिफाइलचा इतिहास

संगणकाने निर्माण केलेल्या संगीताचे आज ऐकायला मिळणारे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १९५१ सालचे आहे, परंतु ते संगणकाने केलेले नाही. मँचेस्टर विद्यापीठात बसवलेल्या फेरांटी मार्क १ या यंत्राला एक छोटा ध्वनिवर्धक जोडलेला होता आणि विद्युत्स्पंद ठरावीक अंतराने त्यात सोडले की विशिष्ट उंचीचा स्वर निघत असे. ख्रिस्तोफर स्ट्रेची या शाळाशिक्षकाने या युक्तीचा वापर करून ब्रिटिश राष्ट्रगीताची चाल यंत्राकडून वाजवून घेतली आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात बीबीसीच्या पथकाने ती इतर दोन चालींसह एका तबकडीवर मुद्रित केली. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरएसी या संगणकानेही त्याच सुमारास चाली वाजवल्या होत्या, मात्र तेथे मुद्रण करणारे कोणी नव्हते आणि ते वादन हवेत विरून गेले. दोन्ही ठिकाणी यंत्राची भूमिका वादकाची होती. नोंद ठेवण्याचे काम दुसऱ्याच साधनाकडे होते.

ही वाटणी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने १९५७ मध्ये मोडली. त्याच्या ‘म्युझिक’ या संगणक-कार्यक्रमाने स्वर वाजवले नाहीत, तर ध्वनिलहरीची क्षणाक्षणाची उंची दर्शवणारे आकडे काढून ते चुंबकीय फितीवर ओळीने लिहिले, आणि नंतर ही फीत आकड्यांचे विद्युत्दाबात रूपांतर करणाऱ्या उपकरणावर चढवल्यावर अवघ्या सतरा सेकंदांची एक रचना ऐकू आली. ध्वनी येथे आधी नोंदला गेला आणि मग उमटला. आज संगणकावर तयार केलेले गाणे ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बाउन्स’ केले जाते, म्हणजे कोणताही मायक्रोफोन न लावता थेट फाइलमध्ये उतरवले जाते, तेव्हा घडते ते तत्त्वतः हेच असते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, तेव्हा जगातील संगीताच्या वाटेवरचे हे वळण तीन वर्षे जुने झाले होते.

ध्वनिफाइल म्हणजे अशा आकड्यांची रांग होय. लहरीची उंची एका सेकंदात किती वेळा मोजायची याला नमुना-दर म्हणतात आणि ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून तो अधिक असावा लागतो. माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकत असल्याने १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० हा दर ठरला. हा विचित्र वाटणारा आकडा आला तो, सुरुवातीला अंकीय ध्वनी दूरचित्रवाणीच्या फितींवर साठवला जात असे आणि त्या चित्रांच्या ओळींत तो नेमका बसत असे म्हणून. डावा आणि उजवा अशा दोन वाहिन्या आणि प्रत्येक मोजमापाला दोन बाइट धरले तर एका मिनिटाच्या संगीताला सुमारे एक कोटी सहा लाख बाइट लागतात. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये पुढे आणलेली वेव्ह ही फाइल म्हणजे जवळजवळ हीच रांग, वर थोडी ओळखपत्रासारखी माहिती जोडलेली.

या रांगेला एक हलका पर्याय १९८३ मध्ये उपलब्ध झाला होता. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत यासाठी ठरलेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीत ध्वनी नसतोच. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढ्या सूचना असतात. त्यामुळे वेव्ह फाइलला जेथे पन्नास मेगाबाइट लागत तेथे तेच गाणे मिडीत काही किलोबाइटांत मावत असे, परंतु प्रत्यक्ष नाद मात्र ज्याच्या त्याच्या यंत्रावर अवलंबून राही आणि मुंबईच्या स्टुडिओत भारी सिंथेसायझरवर बासरीसारखी वाटणारी ओळ स्वस्त साउंड कार्डावर शिट्टीसारखी वाजे. १९९१ मध्ये हा गोंधळ आवरण्यासाठी १२८ नादांची एक समान यादी जाहीर झाली. त्या यादीत सतार आहे, शहनाईही आहे. तबला नाही आणि ढोलकीही नाही. जगाच्या संगीताची यादी करणाऱ्यांना भारतीय तंतुवाद्य ठाऊक होते, भारतीय ताल मात्र वगळण्याजोगा वाटला, असा निष्कर्ष काढल्यास तो फारसा अन्यायाचा ठरू नये.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे स्वरांचा, संगणक येण्याच्या कितीतरी आधी उपस्थित झालेला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांवरील, आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवण्याचा प्रयत्न केला; हिंदुस्थानी गायकीचे स्वर पेटीच्या बारा ठरीव पट्ट्यांत बसत नाहीत, ही त्यामागची धारणा होती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवर वादविवाद झाला, ती रूढ मात्र झाली नाही. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. मिडीतील १२८ स्वर हे मूलतः त्याच बारा पट्ट्यांची पुनरावृत्ती असल्याने देवलांचा आक्षेप सत्तर वर्षांनी जसाच्या तसा परत आला. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, किंवा आंदोलन, म्हणजे स्वराला दिलेला संथ हेलकावा, मिडीत दाखवायचे तर स्वर वाकवण्याच्या वेगळ्या सूचना सतत पाठवाव्या लागतात आणि त्या सूचना एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होतात.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. तिच्यातील ठेका आणि खर्जाची सरगम आधी यंत्रात भरून ठेवलेली होती, राग मात्र हातांनी वाजवलेला होता. त्या काळी ती फारशी खपली नाही आणि २०१० मधील पुनर्मुद्रणानंतर युरोपात तिची वाहवा झाली. यंत्राने साथ करायची आणि माणसाने गायचे किंवा वाजवायचे, ही विभागणी त्या तबकडीने इतकी सहज स्वीकारली की पुढील चाळीस वर्षांच्या लोकप्रिय संगीतात तिच्यावर प्रश्न फारसा उपस्थित झाला नाही.

प्रश्न उपस्थित केला तो बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने आणि जिम किपेन या ब्रिटिश लोकसंगीत-अभ्यासकाने. बेल यांनी भारतात येऊन १९८० च्या सुमारास प्रत्येक स्वराची उंची बारकाईने ठरवता येईल अशी इलेक्ट्रॉनिक श्रुती-पेटी बनवली. तिच्या आधारे जेम्स अर्नोल्ड यांच्यासह केलेला अभ्यास मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, अर्थात एनसीपीए, या संस्थेच्या त्रैमासिकात १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. गायकाच्या आवाजातील स्वरांची चाल आलेखावर रेखाटणारे त्यांचे उपकरणही याच संस्थेत कामाला लागले आणि तेथील राग-संशोधनाचा पाया त्यातून घडला. देवलांनी पेटी घडवून जे सिद्ध करू पाहिले ते आता मोजून पाहता येऊ लागले होते, आणि मोजल्यावर दिसले ते असे की गायकाचा स्वर बावीस ठरावीक घरांतही मुकाट्याने बसत नाही.

किपेन त्या वेळी लखनौ घराण्याचे खलिफा आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्यातील कायदा हा वादनप्रकार कोणत्याही संगणकतज्ज्ञाला मोहात पाडील असा आहे. एक मुख, म्हणजे मूळ ओळ, असते, तिच्यात ठरावीक बोल येतात, आणि त्या बोलांची उलथापालथ करून पलटे, म्हणजे विस्तार, करायचे असतात. नवा बोल आणायचा नाही, ओळीचा शेवट मोडायचा नाही, आणि पूर्वार्धातील भरीचे, घुमाऱ्याचे, बोल उत्तरार्धात खालीच्या, बंद, बोलांत बदलायचे, जसे ‘धा’चा ‘ता’ होतो. उस्तादाला हे नियम सूत्ररूपात सांगता येत नाहीत, पण चुकलेला पलटा ऐकताच तो मान हलवतो. भाषा बोलणाऱ्या माणसाला व्याकरण सांगता येत नाही तरी अशुद्ध वाक्य खटकते, तसेच हे होते, आणि बेल यांनी नेमके भाषाशास्त्रातील औपचारिक व्याकरणाचे हत्यार उचलले.

‘बोल प्रोसेसर’ हा त्यातून जन्मलेला कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅपल दोन मालिकेतील लहान संगणकावर चालू लागला. त्याला स्पीकरची गरज नव्हती. तो पडद्यावर बोल लिही, किपेन ते वाचून किंवा वाजवून उस्तादांपुढे ठेवत आणि उस्ताद ते ग्राह्य की त्याज्य एवढे सांगत. त्याज्य ठरलेला प्रत्येक पलटा म्हणजे व्याकरणातील एखाद्या नियमाची चूक असे, ती दुरुस्त करून यंत्र पुन्हा चालवले जाई. उलट उस्तादांनी स्वतः वाजवलेले पलटे यंत्राला दिले की ते या व्याकरणात बसतात का हे यंत्र तपासून पाही आणि कोणता नियम किती वेळा वापरला जातो यावरून त्याचे वजन वाढवी. संगणकाने संगीत ‘केले’ असे म्हणण्याच्या प्रसिद्ध प्रसंगांच्या यादीत या प्रयोगाचे नाव क्वचित येते, कारण त्याची ऐकवण्याजोगी चकचकीत तबकडी नाही. तरीही यंत्राच्या निर्मितीवर त्या परंपरेतील अधिकारी व्यक्तीला नकाराधिकार देणारा असा प्रयोग त्या काळी दुर्मीळच होता, आणि त्याचे मोल त्या नकारांतच आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बेल यांनी कार्यक्रमाची दुसरी आवृत्ती मॅकिंटॉशवर लिहिली, तेव्हा यंत्राला कंठ फुटला. बोल आता मिडीच्या सूचनांत बदलून सिंथेसायझरकडे जात. केवळ तबल्याचे बोल नव्हे, तर कोणताही ‘ध्वनिविषय’ नियमांत गोवता येऊ लागला आणि एकाच कालावधीत एका हाताला तीन आणि दुसऱ्याला चार मात्रा बसवायच्या असतील तर त्यांची वाटणी यंत्र स्वतः करू लागले. आंद्रेईन बेल यांच्या ‘क्रोनोस’ या १९९४ च्या नृत्यरचनेचे संगीत याच पद्धतीने रोलँडच्या सिंथेसायझरवर वाजवले गेले. तरीही ध्वनीची नोंद करायची तर वाद्याच्या बाहेर पडणारा आवाज फितीवरच घ्यावा लागे. शेवटचा दुवा जुळला तो ‘सीसाउंड’मुळे. एमआयटीतील बॅरी व्हर्को यांनी १९८६ च्या सुमारास लिहिलेला हा कार्यक्रम मॅथ्यूजच्या वंशातला. वाद्य कसे नाद काढील याचे वर्णन आणि स्वरलिपी असे दोन मजकूर त्याला दिले की तो थेट ध्वनिफाइल लिहितो. त्याला वास्तव काळाचे बंधन नसते. जुन्या यंत्रांवर काही सेकंदांच्या नादासाठी कित्येक मिनिटे थांबावे लागे, आज पाच मिनिटांचे गाणे काही क्षणांत उतरते. बोल प्रोसेसर सीसाउंडसाठी स्वरलिपी लिहू लागल्यावर स्वराची उंची बारा पट्ट्यांतून सुटली, आणि बावीस श्रुतींची कोणतीही मांडणी आकड्यांत सांगून फाइलमध्ये ऐकता येऊ लागली.

मात्र येथेच एक गोष्ट हातून निसटते. व्याकरणात हजारो पलटे असतात, फाइलमध्ये त्यांपैकी एकच उतरतो. यंत्र पुन्हा चालवले तर दुसरा निघेल, पण ज्याच्या हाती फाइल आली त्याच्यासाठी तोच एक पलटा म्हणजे कायदा ठरतो.

याच बेल यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अगदी उलट दिशेचे कामही केले, हे नोंदवण्याजोगे आहे. पुण्यात गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला होता. बेल यांनी त्याची संगणकीय सूची बांधली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. तेथे आकड्यांतून नाद काढायचा नव्हता, दळणाच्या लयीत गाणाऱ्या बायकांचा नाद आकड्यांत जपायचा होता. ते मुद्रण पुढे गुरगावच्या संगीत-संग्रहालयात ठेवले गेले आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण वृत्तसंग्रहाने ओव्या लोकांपुढे आणल्या. पुण्यातच संगणकशास्त्राचे प्राध्यापक हरि सहस्रबुद्धे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रागातील स्वरक्रमांचे एक गणिती प्रतिमान मांडले. एका स्वरानंतर कोणते स्वर येऊ शकतात याची अवस्थाबद्ध सारणी करून यंत्राकडून रागाचे नमुने काढून घेण्याची ही पद्धत होती. ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका वीणा सहस्रबुद्धे या त्यांच्या पत्नी, आणि त्यामुळे यंत्राने काढलेला स्वरक्रम रागात बसतो की नाही हे सांगणारा कान याही घरी होता.

संगणकनिर्मित संगीताची ग्रामीण महाराष्ट्रात, उदाहरणार्थ यवतमाळ जिल्ह्यापर्यंत, पोहोचलेली वाट मात्र या प्रयोगशाळांतून आलेली नाही. ती बाजारातून आली. कापसाच्या या जिल्ह्यात कानावर पडणारे संगीत मुळात वेगवेगळ्या तालांचे आहे. गुरुदेव सेवा मंडळांच्या भजनांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवर होळीला बंजारा समाजाची लेंगी गीते असतात. पांढरकवडा, झरी, मारेगाव या बाजूच्या कोलाम आणि गोंड पाड्यांवर ढोल व सनईसारख्या वाद्यांच्या साथीने फेर धरून ढेमसा नाचला जातो. या तालांना १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅसेटने पहिल्यांदा गावाबाहेर नेले, कारण कॅसेट भरणे स्वस्त होते आणि लहान बोलींतील गाण्यांनाही गिऱ्हाईक मिळत होते. पण कॅसेट भरायलाही वादक जमवावे लागत. ऑर्केस्ट्रांत ऑक्टोपॅड आला, म्हणजे काठीने वाजवायच्या आठ पट्ट्यांवर आठ वाद्यांचे आवाज देणारे यंत्र, आणि चार तालवाद्यवाले एका माणसात सामावले.

संगणकाने उरलेलेही सामावून घेतले. बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीचा ‘फ्रूटीलूप्स’ हा कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या अखेरीस केवळ मिडीवर ठेके वाजवणारे खेळणे म्हणून निघाला आणि २००३ मध्ये ‘एफएल स्टुडिओ’ या नावाने एका खोलीतला संपूर्ण स्टुडिओ झाला. त्याच सुमारास वाद्यांचे आवाज साठवलेली संगणकी वाद्ये स्वस्त झाली. अशा वाद्यात ‘सॅम्पल’ असतात: ढोलकीची एकेक थाप, तबल्याचा एकेक बोल आधी खऱ्या वादकाकडून वाजवून मुद्रित केलेला असतो आणि प्रोग्रामिंग करणारा तरुण पडद्यावरील चौकटींत त्या थापा बसवतो. समान यादीत नसलेला तबला असा मागच्या दाराने आत आला. त्यामुळे संगणकनिर्मित गाण्यात कोणी काही वाजवलेले नसते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रत्येक थाप कोणीतरी वाजवलेली असते, फक्त एकापुढे एक लावण्याचे काम वादकाने केलेले नसते, आणि ज्याने ती थाप वाजवली त्याला ती कोणत्या गाण्यात पडली हे कळतही नाही.

गाणे पूर्ण झाले की ते वेव्हमध्ये उतरवले जाई आणि वाटपासाठी एमपी३ होई. १९९५ मध्ये हे नाव मिळालेल्या या फाइलीत कानाला फारसे जाणवणार नाही असे तपशील गाळले जातात आणि मिनिटाला एक कोटी बाइटांऐवजी सुमारे दहा लाखांत काम भागते. पाच मिनिटांची दोनशे गाणी एक गिगाबाइटच्या मेमरी कार्डावर मावत; तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत पैसे घेऊन कार्ड भरून देण्याचा धंदा त्या हिशेबावर उभा राहिला. भारनियमनाच्या त्या वर्षांत, जेव्हा ग्रामीण भागात दिवसातून कित्येक तास वीज नसे, बॅटरीवर चालणारा मोठ्या स्पीकरचा मोबाइल हाच गावातला टेप होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कार्डाची जागा यूट्यूबने घेतली. बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीतील आणि गोंडी गाण्यांना यामुळे जिल्ह्याची आणि राज्याचीही सीमा उरली नाही. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे, आदिलाबादपर्यंत, तीच फाइल वाजू लागली.

या प्रसाराचा हिशेब एकतर्फी मांडता येत नाही. ज्या बोलींना नभोवाणीने आणि कॅसेट कंपन्यांनी मोजकीच जागा दिली त्यांत आता गाणी निघतात, आणि हे श्रेय स्वस्त संगणकाचेच आहे. पण ढेमशात ढोल वाजवणारा नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून लय चढवतो, फेर मोठा झाला की आवर्तने वाढवतो, दमछाक दिसली की ठेका बदलतो. म्हणजे त्याच्याजवळ कायदा असतो आणि पलटे तो जागेवर करतो. चौकटींत बसवलेल्या ठेक्याला मात्र पहिल्या थापेपासून शेवटपर्यंत एकच वेग असतो आणि साडेचार मिनिटांनी तो थांबतो, मग फेर भरात असो वा नसो.

वरातीतील डीजेवाल्यांनी या अडचणीवर काढलेला उपाय मुंबई-पुण्याच्या प्रयोगांची माहिती नसताना काढलेला आहे आणि तरीही त्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. ते फाइल सरळ वाजवत नाहीत. गाण्यातील चार किंवा आठ मात्रांचा तुकडा कापून तो ‘लूप’वर टाकतात, म्हणजे सांगितल्याशिवाय थांबणार नाही असा फिरवत ठेवतात, दुसरा तुकडा नियंत्रकाच्या एखाद्या पट्टीवर बसवतात, वेग टक्क्यांनी वाढवतात आणि नाचणाऱ्यांकडे पाहून ठरवतात की पुढे काय सोडायचे. स्टुडिओत एकसंध करून उतरवलेली फाइल डीजेच्या गाडीवर पुन्हा तुकड्यांत मोडली जाते, आणि त्या तुकड्यांचा क्रम लावणारा माणूस गर्दीच्या पायांवर नजर ठेवून असतो.